स्की रिसॉर्टच्या कर्मचाऱ्यांना हेल्मेटसक्ती: नियम कुणाला, कधी आणि कुठपर्यंत

अमेरिकेतल्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००९ साली जाहीर केलं की २००९-१०च्या हंगामापासून कामावर असताना स्की किंवा स्नोबोर्ड करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने हेल्मेट घातलंच पाहिजे. व्हेल, बीव्हर क्रीक, ब्रेकनरिज, कीस्टोन आणि हेव्हनली ही तेव्हाची त्यांची पाच रिसॉर्ट्स. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना स्की शाळेच्या गटात शिकताना हेल्मेट सक्तीचं झालं, तेही त्याच वेळी. तिकीट काढून येणाऱ्या मोठ्या माणसांवर मात्र कोणतंही बंधन आलं नाही. त्यांना फक्त आवाहन केलं गेलं.

उतार तोच, बर्फ तोच, डोकंही सगळ्यांचं सारखंच नाजूक. मग सक्ती पगार घेणाऱ्यावर आणि सूट पैसे मोजणाऱ्याला, असं का? या प्रश्नाचं उत्तर नीट कळलं की हा नियम समजायला सोपा जातो.

आधी तो काळ आठवायला हवा. १ जानेवारी २००९ रोजी ऑस्ट्रियातल्या रीझनेराल्म इथे जर्मनीच्या थुरिंगिया राज्याचे मुख्यमंत्री डीटर आल्टहाउस यांची एका महिलेशी उतारावर टक्कर झाली. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, ते गंभीर जखमी झाले पण वाचले. तिच्या डोक्यावर नव्हतं, ती दगावली. त्यानंतर जर्मन भाषिक देशांत हेल्मेटची मागणी एकदम वाढली. मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातल्या माँ-त्राँब्लाँ इथे नवशिक्यांच्या साध्या उतारावर पडल्या. हेल्मेट नव्हतं. पडल्यावर त्या उठल्या, बोलल्या, आपल्याला काही झालेलं नाही म्हणाल्या. नंतर डोकं दुखू लागलं, आणि दोन दिवसांनी त्यांचं निधन झालं. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचलं होतं. हे दुसरं उदाहरण कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता सक्ती कर्मचाऱ्यांवरच का, ते पाहू. रिसॉर्टचं पाहुण्याशी असलेलं कायदेशीर नातं आणि कर्मचाऱ्याशी असलेलं नातं पूर्णपणे वेगळं असतं. व्हेलच्या त्या पाचांपैकी चार रिसॉर्ट्स कोलोरॅडो राज्यात आहेत, आणि तिथे १९७९चा स्की सुरक्षा कायदा आहे. स्कीइंगमध्ये मुळातच असलेले धोके, म्हणजे बदलतं हवामान, बर्फाचा कडकपणा, झाडं, खडक, हे स्की करणाऱ्याने स्वतः पत्करलेले असतात, असं तो मानतो. शिवाय पाहुण्याकडून तिकिटाबरोबर जबाबदारीमुक्तीचा कागदही मान्य करून घेतला जातो. पाहुणा पडला आणि त्याचं डोकं फुटलं, तर बहुतेक वेळा त्याचा खर्च रिसॉर्टच्या माथी येत नाही.

कर्मचाऱ्याला असा कागद लिहून देता येत नाही. कामावर असताना दुखापत झाली की कामगार भरपाईची व्यवस्था लागू होते. तिथे चूक कुणाची हे सहसा पाहिलंच जात नाही. उपचार आणि बुडालेल्या मजुरीचा ठरलेला भाग मालकाच्या विम्यातून मिळतो, आणि त्या बदल्यात कर्मचारी मालकावर नुकसानभरपाईचा वेगळा दावा सहसा करू शकत नाही. म्हणजे कर्मचाऱ्याच्या डोक्याला झालेल्या प्रत्येक दुखापतीची किंमत थेट मालकाच्या विम्याच्या हप्त्यात उतरते. पाहुण्याच्या बाबतीत मालकाजवळ आवाहन असतं, कर्मचाऱ्याच्या बाबतीत आदेश देण्याचा अधिकारही असतो आणि आदेश देण्याचं कारणही.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते पैशांच्या कारणापेक्षा मोठं वाटतं. पाहुणा वर्षात चार-सहा दिवस येतो. स्की पॅट्रोलवाला, म्हणजे उतारावर गस्त घालून जखमींना खाली आणणारा कर्मचारी, किंवा शिक्षक सगळा हिवाळा बर्फावर असतो. तो पहाटे उतार उघडण्याआधी जातो, बर्फ काचेसारखा कडक असतो तेव्हा. धुकं असो, वादळ असो, कुणी जखमी झालं की निघावंच लागतं. जखमी माणसाला घसरगाडीवर बांधून तीव्र उतारावरून खाली आणताना त्याला आपला वेग आणि वाट मनासारखी निवडता येत नाही. हवा वाईट आहे म्हणून आज नको, असं म्हणायची मुभा पाहुण्याला आहे, त्याला नाही. जिथे धोका स्वेच्छेने घेतलेला नसतो, तिथे संरक्षणाची जबाबदारी काम देणाऱ्याची असते, हे तत्त्व कारखान्यात जितकं खरं तितकंच उतारावर.

व्हेलच्या नियमाचे शब्द मात्र बारकाईने वाचायला हवेत. ‘सर्व कर्मचारी’ एवढंच त्यात नव्हतं. ‘कामावर असताना स्की किंवा स्नोबोर्ड करणारे’ अशी अट होती. म्हणजे नियम हुद्द्याला लागू होत नाही, कृतीला लागू होतो. लिफ्टच्या, म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्च्यांच्या, तळाशी उभा राहून लोकांना खुर्चीवर बसवणारा ऑपरेटर या वाक्यात बसत नाही, पण तोच ऑपरेटर सकाळी वरच्या टोकाच्या केबिनपर्यंत स्की करत गेला तर बसतो. उपाहारगृहातल्या आचाऱ्याला हेल्मेट नको. पण डोंगरमाथ्यावरच्या उपाहारगृहातून तो काम संपवून स्की करत खाली आला तर? तो कामावर होता की घरी निघाला होता? नियमाची खरी परीक्षा अशा कडेच्या प्रसंगांत होते, आणि चांगलं रिसॉर्ट त्यांची उत्तरं हंगाम सुरू होण्याआधीच लिहून ठेवतं.

सरकारचा कायदा यात काय सांगतो? अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं काम ओशा ही संस्था पाहते. डोक्याच्या संरक्षणाचा तिचा नियम वरून वस्तू पडण्याचा किंवा विजेचा धक्का बसण्याचा धोका असलेल्या जागांसाठी लिहिलेला आहे. बांधकामावरचा कामगार, विजेच्या खांबावरचा तंत्रज्ञ ही माणसं डोळ्यांसमोर ठेवूनच तो आलेला. स्वतःच घसरून बर्फावर डोकं आपटणारा स्की शिक्षक त्या शब्दांत कुठेच नाही. पण एवढ्यावर मालक सुटत नाही. कामगार सुरक्षेच्या १९७०च्या केंद्रीय कायद्यात एक सर्वसाधारण कर्तव्य सांगितलेलं आहे: जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशा, सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणं. शिवाय कामाच्या जागेवरचे धोके आधी तपासून त्यानुसार संरक्षक साधनं निवडण्याचा नियमही आहे. त्यामुळे ‘स्की हेल्मेट’ असे शब्द कायद्यात नसले, तरी डोक्याचा विचारच केला नाही असं म्हणायची सोय मालकाला उरत नाही. कॅलिफोर्निया, युटा, व्हरमाँट अशा काही राज्यांच्या स्वतःच्या सुरक्षा यंत्रणा आहेत. कोलोरॅडो थेट केंद्रीय नियमांखाली येतं.

पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न हंगामी कर्मचाऱ्याला सगळ्यात जास्त टोचतो. अमेरिकेचा साधारण नियम असा: नियमांनुसार आवश्यक असलेलं संरक्षक साधन मालकाने स्वखर्चाने द्यायचं. थंडीचा कोट, हातमोजे अशा रोजच्या हवामानाच्या कपड्यांना त्यातून सूट आहे. कर्मचाऱ्याकडे स्वतःचं योग्य साधन असेल आणि त्याला तेच वापरायचं असेल, तर मालक परवानगी देऊ शकतो आणि त्याचे पैसे द्यायला बांधील नसतो. पण ‘स्वतःचं घेऊन या’ अशी सक्ती तो करू शकत नाही. मालकाने केवळ स्वतःच्या धोरणातून मागितलेलं हेल्मेट या व्याख्येत बसतं का, यावर वाद होऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे: मालकाने सक्ती केली की हेल्मेट मालकाने द्यावं, आणि मापाचं द्यावं. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं टाकतं.

याला एक कडू बाजूही आहे. कोलोरॅडोच्या भरपाई कायद्यात तरतूद आहे की मालकाने दिलेलं सुरक्षा साधन कर्मचाऱ्याने जाणूनबुजून वापरलं नाही, किंवा सुरक्षेचा वाजवी नियम जाणूनबुजून मोडला, तर भरपाई ५० टक्क्यांनी कमी होऊ शकते. म्हणजे नियम नसताना डोकं फुटलं तर पूर्ण भरपाई आणि नियम असताना हेल्मेट गाडीत राहिलं तर कदाचित निम्मी. कर्मचाऱ्याने नियमावर सही करताना हे माहीत असायला हवं. आणि ‘जाणूनबुजून’ या शब्दावर सगळं अवलंबून असल्यामुळे हेल्मेट खरोखर दिलं होतं का, कधी घालायचं ते सांगितलं होतं का, वरिष्ठ स्वतः घालत होते का, हे सगळं महत्त्वाचं ठरतं.

आता हेल्मेट नेमकं करतं काय, ते पाहू. सगळी चर्चा शेवटी इथेच येऊन थांबते.

हेल्मेटच्या कठीण कवचाच्या आत जो फेस असतो तो बहुतेक वेळा थर्माकोलच्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट. त्याचं काम एकच: डोकं थांबायला लागणारं अंतर वाढवणं. सरासरी उंचीचा माणूस उभ्या जागी कोसळला तर त्याचं डोकं जमिनीला लागताना सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगात असतं. हा वेग दोन सेंटिमीटर फेस चिरडत शून्यावर आला तर डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ७५ पट येतो, तोही सगळं आदर्श घडलं असं धरून. तेच थांबणं गोठलेल्या बर्फावर तीन मिलिमीटरांत झालं तर आकडा ५००च्या आसपास जातो. वेग तोच, उंची तीच. फरक फक्त त्या चिरडल्या जाणाऱ्या दोन सेंटिमीटरांचा.

युरोपातलं ईएन १०७७ हे मानक हेल्मेटची चाचणी जवळपास याच वेगाने घेतं. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटल्यावर आतल्या नकली डोक्याला बसणारा झटका २५० पटींच्या आत राहिला पाहिजे. अमेरिकेतलं एएसटीएम एफ२०४० हे मानक सपाट पृष्ठभागावर दोन मीटरांवरून आपटतं, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. आणि उतारावर लोक जातात किती वेगाने? अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत सरासरी ताशी ४३ किलोमीटर आली होती. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. युरोपीय चाचणीशी तुलना केली तर ४३ किलोमीटरला ती जवळपास पाचपट भरते.

याचा अर्थ हेल्मेट कुचकामी आहे असा अजिबात नाही. वेगात असलेला माणूस बर्फावर पडतो तेव्हा तो पुढे घसरत जातो. डोकं बर्फावर आपटतं ते प्रामुख्याने खाली कोसळण्याच्या वेगाने, आणि तो वेग चाचणीच्या आवाक्यातला असतो. नेहमीचं पडणं असंच असतं, आणि तिथे हेल्मेट चोख काम करतं. झाड, लिफ्टचा खांब किंवा खडक समोरून आला तर मात्र पूर्ण वेग डोक्यावर येतो. मोटार शर्यतींचे विश्वविजेते मिखाएल शूमाखर २०१३च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधल्या मेरिबेलला खडकावर आपटले तेव्हा त्यांनी हेल्मेट घातलेलं होतं.

अभ्यासांचे निष्कर्षही याच चित्राशी जुळतात. नॉर्वेतल्या आठ रिसॉर्टांवरच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याला दुखापत होण्याचा धोका ६० टक्क्यांनी कमी दिसला. क्विबेकमधल्या २००५च्या अभ्यासात ही घट २९ टक्के होती. २०१० साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ३५ टक्के. मानेच्या दुखापती वाढतात ही भीतीही त्यात खरी ठरली नाही. मृत्यूंच्या बाबतीत चित्र एवढं उजळ नाही. अमेरिकेत हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढूनही उतारावरचे मृत्यू त्या प्रमाणात घटले नाहीत, कारण बरेच मृत्यू झाडावर वेगाने आपटून होतात.

कर्मचाऱ्यांच्या तक्रारी याहून रोजच्या असतात. ऐकू कमी येतं, ही त्यातली रास्त तक्रार. पॅट्रोलवाल्याला बिनतारी संच आणि मागून आलेली हाक दोन्ही ऐकावं लागतं, त्यामुळे कान मोकळे ठेवणारं किंवा संच जोडता येणारं हेल्मेट निवडणं ही चैन नाही. कडेचं दिसत नाही ही तक्रार मात्र तपासण्यात टिकली नाही. इन्सब्रुकच्या संशोधकांना कडेच्या हालचालींना मिळणारा प्रतिसाद मंदावताना दिसला तो गॉगलमुळे, नुसत्या हेल्मेटमुळे नाही.

खरी गुंतागुंत पुढेच आहे: ‘हेल्मेट’ ही एकच वस्तू नाही. स्की हेल्मेट पडण्यासाठी बनवलेलं असतं. लिफ्टच्या खांबावर चढून कप्प्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला वरून पडणाऱ्या पान्यापासून आणि विजेपासून संरक्षण हवं, म्हणून त्याला औद्योगिक हेल्मेट लागतं. पण युरोपच्या औद्योगिक मानकात, ईएन ३९७ मध्ये, हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ताण आला की सुटलाच पाहिजे, कारण तो कशात अडकून माणसाचा गळा आवळू नये. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मध्ये उलट: पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, कारण दोरावरून पडताना हेल्मेट डोक्यावरच राहायला हवं. आता हा मेकॅनिक स्की करत खांबापर्यंत जातो, दोरावर चढतो, काम करतो आणि स्की करत परततो. एकाच सकाळी त्याला तीन गरजा आहेत. स्की आणि गिर्यारोहण दोन्ही मानकं पुरी करणारी हेल्मेटं मिळतात, पण तीही विजेच्या कामाला पुरतील असं गृहीत धरता येत नाही. स्नोमोबाइल चालवणाऱ्याला आणखी वेगळं, मोटर वाहनाच्या वेगासाठी तपासलेलं हेल्मेट लागतं. ‘हेल्मेट घालावे’ एवढ्या दोन शब्दांचा नियम लिहून मोकळं होणाऱ्या व्यवस्थापकाने हे काम अर्धवट सोडलेलं असतं.

थर्माकोलच्या फेसाची एक खोड कायम लक्षात ठेवायला हवी: तो एकदाच चिरडतो. जोराचा मार बसला की बाहेरून धड दिसणारं हेल्मेटही बाद. रिसॉर्टमध्ये हेल्मेटं दरवर्षी नव्या हंगामी मुलांच्या हाती जातात, आणि मागच्या वर्षी कुणाच्या डोक्यावर काय आपटलं याची नोंद नसेल तर नवा मुलगा निकामी कवच घालून उतरतो. इथे रिचर्डसन यांचा प्रसंग पुन्हा आठवावा. डोक्याला मार बसल्यावर माणूस काही काळ अगदी ठीक वाटू शकतो आणि तेवढ्यात आत रक्त साचत असतं. पाहुणा निदान खोलीवर जाऊन झोपतो आणि कुणीतरी जवळ असतं. कर्मचारी उठतो, बर्फ झटकतो आणि पाळी पूर्ण करायला एकटाच वर जातो, कारण माणसं कमी आहेत. म्हणून हेल्मेटच्या नियमाला दुसरं कलम जोडलेलं असावंच: हेल्मेटवर मार बसला की काम थांबवायचं, वरिष्ठाला कळवायचं, तपासणी करून घ्यायची, हेल्मेट बदलायचं, आणि यासाठी कुणाचीही मजुरी कापायची नाही. हे कलम नसेल तर हेल्मेटमुळे उलट ‘काही झालं नाही’ हा भ्रम पक्का होतो.

कामाच्या सुरक्षेत उपायांची एक उतरंड मानतात. सगळ्यात वर धोकाच काढून टाकणं, मग यांत्रिक आडोसा, मग कामाची पद्धत बदलणं, आणि सगळ्यात शेवटी अंगावर घालायचं साधन. हेल्मेट या शेवटच्या पायरीवर आहे. रात्री तीव्र उतार सपाट करताना स्नोकॅट हे बर्फ दाबणारं अवजड वाहन वरच्या खुंटाला बांधलेल्या पोलादी तारेवर लटकत काम करतं; ती तार अंधारात जमिनीपासून उंच ताणलेली असते आणि तिच्या वाटेत स्की करत आलेल्या माणसाला कोणतंही हेल्मेट पुरत नाही. तिथे उपाय एकच, उतार बंद ठेवणं आणि कर्मचाऱ्यांनाही तो बंदच असणं. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या पॅट्रोलवाल्याचा जीव बहुतेक वेळा गुदमरून जातो. खांबांना गाद्या बांधणं, एकट्याला न पाठवणं, कामावर असताना वेगाला मर्यादा घालणं ही कामं हेल्मेटवाटपानंतर संपली असं समजणारं रिसॉर्ट स्वस्त उपायावर थांबलेलं असतं.

काही ठिकाणी कर्मचारी आणि पाहुणे हा फरकच मिटवला गेला. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताने २०१२च्या नोव्हेंबरपासून उतारावर सर्व वयाच्या लोकांना हेल्मेट बंधनकारक केलं. इटलीने आधी चौदा वर्षांखालच्या मुलांना, मग अठरापर्यंत आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्यांनाच सक्ती केली. कॅलिफोर्नियात उलट झालं: मुलांसाठीच्या सक्तीचं विधेयक २०११ साली राज्यपाल जेरी ब्राउन यांनी, हा निर्णय पालकांचा आहे असं म्हणत फेटाळलं. असा सर्वांना लागू असलेला कायदा जिथे नाही, तिथे एक फट राहतेच. पाळी संपल्यावर तोच शिक्षक फुकटच्या पासवर स्वतःच्या मजेसाठी वर जातो. तेव्हा तो कामावर नसतो, कामाचा नियम त्याला सहसा लागू नसतो, आणि पडला तर कामगार भरपाईही बहुधा मिळत नाही. गणवेशाचं जाकीट अंगावर ठेवून गेला तर काय, कामाच्या मध्यंतरात एक फेरी मारली तर काय, याची उत्तरं राज्यागणिक आणि प्रसंगागणिक बदलतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी सही करण्याआधी हे प्रश्न विचारायला हवेत, आणि उत्तरं तोंडी न घेता लेखी घ्यायला हवीत.